लिनक्स बसवल्यानंतरचा अर्धा तास

संगणकावर लिनक्स बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. पेनड्राइव्ह लावा, भाषा निवडा, चार-पाच वेळा 'पुढे' दाबा, चहा होईपर्यंत काम आटोपतं. खरी परीक्षा त्यानंतर असते. व्हिडिओ चालत नाही. ऑफिसातून आलेल्या फाइलमधला मजकूर पानाबाहेर सांडतो. मराठी वाचता येतं, पण टाइप कुठून करायचं ते सापडत नाही. मग कुणीतरी जाणकार येतो, काळी खिडकी उघडतो, खाडखाड दहा ओळी टाइप करतो आणि म्हणतो, "झालं!" नेमकं काय झालं ते संगणकाच्या मालकाला शेवटपर्यंत कळत नाही.

गेली काही वर्षं फावल्या वेळात मी आमच्या भागातल्या शाळा-वाचनालयांतले जुने संगणक लिनक्सवर आणायचं काम करतो. दर वेळी त्याच दहा ओळी टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक खिडकी उघडते, त्यात चौकोन असतात, हवं त्यावर टिक करायची आणि बटण दाबायचं. ते लिहिताना माझ्याआधी हे काम कुणी कुणी केलं होतं ते शोधत गेलो. तेव्हा लक्षात आलं की या अर्ध्या तासातलं बरंचसं काम तांत्रिक नाहीच. ते कायद्यामुळे, परवान्यांमुळे आणि कुठेतरी दूर बसून घेतलेल्या निर्णयांमुळे आपल्या गळ्यात पडलेलं आहे. हा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवातीपासून बघू. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. त्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रणेत जवळपास प्रत्येक सेटिंग म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. ती उघडायची, ओळ बदलायची, जतन करायची. ज्याला जमतं त्याच्यासाठी ही फार सोयीची पद्धत आहे. ज्याला जमत नाही त्याला मात्र दारच बंद. म्हणून लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची मदतनीस साधनं काढली. जर्मनीतल्या सुसे कंपनीने १९९६ मध्ये आपल्या लिनक्सबरोबर 'यास्ट' दिलं. फ्रान्समधून १९९८ मध्ये आलेल्या मँड्रेकने तर सोपेपणा हीच आपली ओळख बनवली. सगळ्या सेटिंग्ज एका खिडकीत गोळा करणारं त्यांचं नियंत्रण केंद्र त्या काळात नावाजलेलं होतं.

आता गंमत बघा. लिनक्स मुक्त, पण यास्टचा परवाना कित्येक वर्षं तेवढा मुक्त नव्हता. पैसे घेऊन ते वाटायचं तर कंपनीची परवानगी लागायची. नोव्हेल कंपनीने सुसे विकत घेतल्यावर २००४ मध्ये यास्ट जीपीएल परवान्याखाली खुलं केलं. म्हणजे गाडी सगळ्यांची, पण तिचं स्टिअरिंग आठ वर्षं एकाच्या हातात! सोपं करून देणारं साधन ज्याच्या हातात, त्याच्या हातात सत्ता असते. पुढच्या गोष्टीतही हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

आणि मग आला कायदा.

सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट लिनक्सची आठवी आवृत्ती आली. दिसायला आधीच्यांपेक्षा देखणी. पण लोकांनी गाण्याची फाइल उघडली तर वाजेना. एमपीथ्री वाजवणारा भाग कंपनीने मुद्दाम काढून टाकला होता. कारण एमपीथ्रीवर पेटंटं होती आणि त्यांच्या परवान्याचे पैसे घेतले जात होते. जो प्रोग्राम फुकट वाटायचा, कुणीही त्याची प्रत काढायची, त्यात प्रत्येक प्रतीमागे कुणाला पैसे मोजून देणार? हिशेबच बसत नाही. कंपनी अमेरिकेतली, खटल्याची भीती खरी. तिने तो भाग गाळला. कंपनीच्या जागी आपण असतो तर बहुधा तेच केलं असतं.

डीव्हीडीचं दुखणं निराळं होतं. सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असायचं. ते उघडणारा छोटा प्रोग्राम १९९९ मध्ये पसरला आणि योन लेक योहानसन या नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलावर पुढे खटला भरला गेला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर बघणं हा गुन्हा कसा, असा प्रश्न होता. नॉर्वेच्या न्यायालयाने २००३ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. पण अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप उघडणारी साधनं वाटणंच बेकायदा केलं होतं. त्यामुळे मोठ्या लिनक्स वितरणांनी तो प्रोग्राम आपल्या सीडीत घातला नाही.

फॉन्टचं तिसरंच. एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्ट मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून फुकट उतरवायला ठेवले होते, २००२ मध्ये ते काढून घेतले. परवान्यात मात्र एक फट होती. मूळ पुडकं न उघडता, न बदलता वाटायला हरकत नव्हती. मग लिनक्सवाल्यांनी युक्ती केली. फॉन्ट द्यायचेच नाहीत, फॉन्ट आणणारा प्रोग्राम द्यायचा. तो तुमच्या संगणकावर येतो, मूळ पुडकी उतरवतो, तुमच्याच घरात उघडतो आणि फॉन्ट जागेवर ठेवतो. आजही नव्या संगणकावर आपण हाच प्रोग्राम चालवतो. सरकारी पत्राचं पान बिघडू नये म्हणून परवान्यातल्या एका वाक्याला घातलेला हा वळसा आहे.

यात आपला देश कुठे बसतो? आपल्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं गेलं की निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. कलम ३ मधलं पोटकलम 'के'. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकूम काढून ते सैल करायचा प्रयत्न झाला. बराच विरोध झाला आणि २००५ मध्ये संसदेने जो कायदा मंजूर केला त्यातून तो बदल वगळला गेला. म्हणजे आपल्या संसदेने या विषयावर विचार करून एक भूमिका घेतली होती. पण साताऱ्यातल्या किंवा परभणीतल्या पोराच्या संगणकावर गाणं वाजायचं की नाही, हे त्या भूमिकेवर ठरत नव्हतं. सीडी सगळ्या जगासाठी एकच निघायची आणि ती सगळ्यात कडक कायद्याच्या मापाने कापलेली असायची. दुसऱ्या देशाचा कायदा आपल्या घरात असा शिरतो. नोटीस येत नाही, पोलीस येत नाही, फक्त एक सुविधा 'नसते'.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. मागणी नोंदवली की सीडी फुकट, पोस्टाने घरपोच. ती योजना २०११ पर्यंत चालली. भारतातल्या कित्येकांच्या हातात पडलेलं पहिलं लिनक्स म्हणजे ही सीडी. पण ज्या कारणांनी रेड हॅटने गाणी गाळली, साधारण त्याच कारणांनी उबुंटूतही ती नव्हती. मग इंटरनेटवर याद्या फिरायला लागल्या: उबुंटू बसवल्यावर या वीस ओळी टाइप करा. लोक त्या डोळे मिटून चिकटवायचे. एक अक्षर चुकलं की अडलं घोडं.

वीस ओळी रोज टाइप कराव्या लागल्या की कुणीतरी त्यांची एक फाइल करतो, त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. आणि स्क्रिप्ट लोकांना आवडली की कुणीतरी तिच्यावर खिडकी चढवतो. २००५ मध्ये सुरू झालेलं 'ऑटोमॅटिक्स' असंच वाढलं. चौकोनांची यादी: एमपीथ्री, डीव्हीडी, फॉन्ट, फ्लॅश, जावा. टिक करा, बटण दाबा, उठून चहा पिऊन या. नव्या माणसाला ते देवदूतच वाटलं. उबुंटूच्या मदत-चर्चांत कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ऑटोमॅटिक्स टाक.

ऑगस्ट २००७ मध्ये उबुंटूच्या तांत्रिक मंडळावरच्या मॅथ्यू गॅरेट यांनी या प्रोग्रामचा कोड उघडून तपासला आणि निष्कर्ष जाहीरपणे मांडले. ते जिव्हारी लागणारे होते. दुसरा प्रोग्राम काही बसवत असेल तर त्याचं काम अर्ध्यावर जबरदस्तीने थांबवलं जात होतं. यंत्रणा जिथे 'खरंच करू का?' असं विचारते, तिथे माणसाला न विचारताच परस्पर 'हो' सांगितलं जात होतं. अशाने संगणक चालू व्हायचा बंद होऊ शकतो, पुढची आवृत्ती घेताना घोळ होऊ शकतो, असा इशारा होता. २००८ च्या पूर्वार्धात ऑटोमॅटिक्सचं काम थांबलं.

मला या प्रकरणात दोन्ही बाजू पटतात. गॅरेट यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पूर्ण अधिकार घेऊन चालणाऱ्या प्रोग्रामने माणसाच्या वतीने 'हो' म्हणायचं नसतं. पण ऑटोमॅटिक्सकडे लोक का धावले? कारण रस्त्यात खड्डा होता आणि तो बुजवायला ज्यांनी यायला हवं होतं ते आले नव्हते. गल्लीतल्या पोरांनी आपापल्या अकलेने मुरूम टाकला. पोरांचं काम कच्चं होतं खरं, पण त्यामुळे खड्डा खोटा ठरत नाही.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. एप्रिल २००७ च्या उबुंटूत एक बदल आला होता. न वाजणारी फाइल उघडली की यंत्रणाच विचारायची: यासाठी अमुक भाग लागतो, कायद्याची अडचण असू शकते, तरी आणू का? निर्णय वापरणाऱ्याचा, माहिती समोर, मार्ग अधिकृत. नुसता 'हो' आणि विचारून घेतलेला 'हो' यांत हा फरक आहे. लोकांनी आपल्या पद्धतीने खिडकी बनवून गरज दाखवून दिली आणि मूळ यंत्रणेने ती उशिरा का होईना, नीट पद्धतीने पूर्ण केली.

हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं. चीनमधल्या एका तरुणाने २००७ मध्ये 'उबुंटू ट्वीक' सुरू केलं. फेडोराच्या बाजूला 'फेडोरा युटिल्स' नावाचं साधन आलं, तेच पुढे 'फेडी' झालं. आधी स्क्रिप्ट, मग खिडकी, तोच क्रम. पेटंटवाले भाग ठेवणारी तीन स्वतंत्र भांडारं २००८ मध्ये एकत्र येऊन 'आरपीएम फ्यूजन' झालं आणि फेडोरावाल्यांची वणवण कमी झाली. आज फेडोरा पहिल्यांदा सुरू होताना बाहेरची भांडारं चालू करू का, असं स्वतःच विचारतो.

आता माझ्या खिडकीबद्दल थोडं, कारण ऑटोमॅटिक्सच्या गोष्टीतून मी नियम उचलले ते असे.

पहिला: खिडकी वेगळी, अधिकार वेगळा. जी खिडकी दिसते ती साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालते. पूर्ण अधिकार लागतो तो फक्त एका छोट्या मदतनीस प्रोग्रामला, आणि तोही ठरलेली पाच-सात कामंच करू शकतो. त्याला 'वाट्टेल ते कर' असं सांगायची सोयच ठेवलेली नाही. लिनक्समध्ये अशा परवानगीसाठी 'पोलकिट' नावाची यंत्रणा आहे, तीच वापरतो. पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. तिच्या एका भागात २००९ पासून असलेली फट जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. साधा वापरकर्ता त्या फटीतून संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. बारा वर्षं ती कुणाच्या नजरेला आली नव्हती.

दुसरा: बटण दाबण्याआधी, काय काय बदलणार याची यादी मराठीत समोर येते. 'कोडेक बसवा' असं नाही. 'व्हिडिओ चालावेत म्हणून अमुक भाग, अमुक भांडारातून, इतके एमबी' असं.

तिसरा: ज्या फाइलला हात लावायचा तिची आधी प्रत. प्रत्येक चौकोनाची टिक काढली की जुनं परत आलं पाहिजे. जे परत करता येत नाही, त्याला चौकोन द्यायचा नाही.

चौथा: तेच बटण दोनदा दाबलं तरी बिघाड होता कामा नये. हा नियम शाळेत फार उपयोगी पडतो. मुलं बटण दोनदाच दाबतात असं नाही, वीसदा दाबतात.

आणि मराठी? या खिडकीतला माझा सगळ्यात आवडता चौकोन तोच आहे. रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट २००४ मध्ये खुले केल्यापासून लिनक्सवर मराठी वाचायला अडचण राहिली नाही. पण बारकावा पुढे आहे. शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहायचा. चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची अशी दोन्ही अक्षरं असतात. कुठलं दाखवायचं ते फॉन्ट यंत्रणेला विचारतो. यंत्रणेची भाषा इंग्रजीच ठेवलेली असेल तर बऱ्याचदा देवनागरी म्हणजे हिंदी असं धरलं जातं आणि पहिलीचं पोर पुस्तकात एक 'श' बघतं, पडद्यावर दुसरा. फॉन्ट बदलावा लागत नाही. यंत्रणेला 'इथे मराठी आहे' एवढंच सांगायचं असतं. ती एक ओळ कुणीतरी लिहायची असते, इतकंच.

टायपिंगचंही तसंच. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र' असतो आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांतला 'ऱ' मिळतो. ही सोय यंत्रणेत आहे. पण कळफलक चालूच केलेला नसेल तर ती असून नसल्यासारखी. मग शिक्षक 'दुसर्या' लिहितात आणि लोक म्हणतात, संगणकावर मराठी नीट येत नाही!

एमपीथ्रीची पेटंटं अखेर संपली. परवान्याची योजना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाली आणि फेडोराने एमपीथ्री पुन्हा आत घेतलं. माझ्या खिडकीतला तो चौकोन त्यामुळे कधी लागलाच नाही. पण समाधान फार टिकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने पेटंटच्याच धास्तीने काही व्हिडिओ प्रकारांसाठी ग्राफिक्स चिपची मदत घेण्याची सोय बंद केली. नवीन पिढीचा तोच प्रश्न. जुन्या संगणकावर चिपची मदत नसेल तर व्हिडिओ अडखळतो आणि पंखा भणभणतो. परत एक चौकोन वाढला.

हे सगळं सांगायचं कारण असं. शाळेला, ग्रामपंचायतीला, वाचनालयाला संगणक मिळाले की आपण आकडा विचारतो: किती आले? फोटो निघतो, नारळ फुटतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा खर्च कुठल्याही कागदावर नसतो. तो अर्धा तास न मिळालेले संगणक वर्षभरात कपाटाशेजारी कापड पांघरून बसतात. आणि दोष मात्र 'लिनक्स अवघड आहे' असा निघतो. शेजारी नाही, पण फार लांबही नाही, अशा केरळात सरकारी शिक्षण यंत्रणेने उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती बनवली. मल्याळम आणि शाळेला लागणारे प्रोग्राम त्यात आधीच घातले. तो अर्धा तास त्यांनी एकदाच, सगळ्यांच्या वतीने, सरकारी वेळेत खर्च केला. शिक्षकांवर सोडून दिला नाही.

आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या गावात संगणक येतील तेव्हा तीन गोष्टी विचारा. हे सुरू केल्याबरोबर मराठीत टाइप होतं का? शाळेचे व्हिडिओ आहे तसे चालतात का? आणि ज्याने हे बसवलं त्याने काय काय बदललं, त्याची यादी कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला "ते तुम्हाला नाही कळणार" असं उत्तर आलं, तर तिथेच थांबवा आणि यादी लिहून घ्या. चार ओळींची का असेना. ती शाळेच्या भिंतीवर चिकटवा. पुढचा माणूस येईल, तेव्हा तो अर्धा तास त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावा लागणार नाही.